वजाबाई आणि न पोचणारी किल्ली

कॉलेजात तिला सगळे वजाबाई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. पहिल्या वर्षाला ती भौतिकशास्त्र शिकवायची. सरळ वर फेकलेल्या आणि वरून सोडलेल्या वस्तूंची गणितं हा तिचा खास प्रांत. वर्गात शिरली की डस्टर टेबलावर टेकवायच्या आधीच विचारायची, "वर म्हणजे अधिक, की खाली म्हणजे अधिक? काय ते एकदा ठरवा. मला दोन्ही चालेल. पण एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत त्याच्याशीच संसार करायचा."

मुलं ठरवायची आणि तिसऱ्या ओळीत विसरायची. वरची दिशा अधिक धरली तर पृथ्वीची ओढ वजा धरायला हवी, एवढीच गोष्ट. पण तो वजा गळला की तिचं लाल पेन चालू व्हायचं. एका मुलाने चेंडू वर फेकला, वजा विसरला, आणि पाच सेकंदांत चेंडू अडीचशे मीटर उंचीवर नेऊन ठेवला. तिने समासात लिहिलं, "चेंडू अजून परत आलेला नाही. आला की गुण देईन." पुढे तो मुलगा दाखला न्यायला आला, तेव्हाही तिने आधी चेंडूची चौकशी केली.

घरी मात्र ती वजाबाई नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ती सासूबाईंची 'अगं सून', नवऱ्याची 'ऐकलंस का' आणि दिराची 'वहिनी' होती. नवरा कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीला लागून एक अरुंद कोनाडा होता, तिथे मेणाच्या हिरड्या आणि प्लास्टरचे जबडे मांडून तो दिवसभर बसायचा. माणसापेक्षा त्याच्या दातांशी त्याचं जास्त जमायचं. सासूबाईंच्या तोंडातली कवळी त्यानेच बनवलेली, आणि तिच्यासारखी कवळी आपल्या हातून पुन्हा झाली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. सासूबाई ती कवळी घालून गॅलरीत उभ्या राहत आणि खाली हातगाडी थांबवलेल्या भाजीवाल्याशी भाव करत. तिसऱ्या मजल्यावरून केलेला तो भाव चौकापर्यंत ऐकू जाई.

राहता राहिला दीर. वय एक्केचाळीस, विमा कचेरीत कारकून, अंगाने भरलेला, लग्नाच्या गोष्टीला 'बघू' म्हणणारा. त्याची एक खोड होती. रोज सकाळी घरच्या कपाटाच्या वगैरे किल्ल्यांचा जुडगा तो खिशात घालून खाली उतरायचा, आणि खाली पोचल्यावर त्याला आठवायचं. तीन जिने पुन्हा चढणं त्याच्या जिवावर येई. मग तो रस्त्यावर उभा राहून "आई" अशी हाक मारायचा आणि जुडगा वर फेकायचा. सासूबाई दोरी सोडते म्हणाल्या तर त्याला कमीपणा वाटे. जुडगा बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांच्या पत्र्यावर वाजायचा. चष्मेवाले पायजम्यात बाहेर येत, काठीने तो ओढून घेत आणि एक शब्द न बोलता तिसऱ्या मजल्यावर पोचवत. दीर तोवर बसस्टॉपवर. संध्याकाळी विचारलं तर म्हणायचा, "पोचली ना किल्ली? मग."

असं सगळं सुरळीत चालू असताना एक प्रकाशक वजाबाईकडे आला. त्याला पहिल्या वर्षासाठी गणितांचं पुस्तक काढायचं होतं. त्याने पुस्तकाची जाडी दोन बोटांत दाखवली आणि म्हणाला, "एवढं झालं पाहिजे. आत काय ते तुम्ही बघा."

वजाबाई बसली. पहिलं गणित लिहिलं: एका मनोऱ्यावरून एक दगड खाली सोडला. दुसरं: एका कड्यावरून एक दगड वर फेकला. तिसऱ्यात पुन्हा मनोरा, चौथ्यात पूल, पण पुलावर दगडच. दहाव्या दगडाला तिचा हात थांबला. ती नवऱ्याच्या कोनाड्यात गेली.

"अहो, या मनोऱ्यांवर कोण राहतं?"

"कुठल्या?" नवऱ्याने एक दाढ उजेडात धरली होती.

"गणितातल्या. माणूस एवढ्या पायऱ्या चढून जातो आणि वर जाऊन दगड सोडतो. त्याला घरी कोणी विचारत नाही?"

"तू चहा घेतलास का?" नवरा म्हणाला.

चहा घेऊन ती परत बसली, आणि अकराव्या गणितात दगड नव्हता. अकराव्या गणितात कवळी होती. 'जमिनीपासून ९.८ मीटर उंचीच्या गॅलरीतून भाजीचा भाव करताना एका आजींची कवळी निसटली. कवळीचा सुरुवातीचा वेग शून्य धरून ती किती वेगाने रस्त्यावर आदळेल ते काढा. कवळी फुटल्यास दोष कोणाचा? (हा उपप्रश्न ऐच्छिक आहे.)' उत्तर सेकंदाला सुमारे चौदा मीटर येत होतं, म्हणजे जवळजवळ स्कूटरच्या वेगाने धावणारी कवळी. वजाबाई एकटीच हसली. मग तिचा हात थांबेना. चष्मेवाल्यांची काठी पत्र्यावरून निसटली, नवऱ्याच्या हातून मेणाचा गोळा पंख्याच्या दिशेने गेला. आणि सत्ताविसावं गणित तिने अगदी सावकाश, चवीने लिहिलं.

'एक अविवाहित, अंगाने भरलेले गृहस्थ कामावर निघताना घरच्या किल्ल्या खिशात घालून नेतात. खाली आल्यावर आठवण होताच, तीन जिने चढण्याऐवजी ते किल्ल्या सरळ वर फेकतात. त्यांच्या हातापासून आठ मीटर उंचीवर त्यांच्या मातोश्री हात पसरून उभ्या आहेत. किल्ल्यांचा सुरुवातीचा वेग सेकंदाला बारा मीटर असल्यास त्या किती वेळाने मातोश्रींच्या हाती पडतील? (हवेचा विरोध नगण्य माना. मातोश्रींचा मानू नका.)'

शेवटच्या पानावर, उत्तरांच्या रांगेत, सत्तावीस क्रमांकापुढे तिने लिहिलं: 'पडणार नाहीत. जिना चढावा.'

प्रकाशकाने पुस्तक वाचलं नाही. त्याने ते दोन बोटांत धरून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि छापायला टाकलं.

काही महिने काहीच झालं नाही. घरात त्या पुस्तकाची प्रत पडली होती, पण भौतिकशास्त्राचं पुस्तक घरात पडलं असलं तर त्याला कोण हात लावतो? बातमी फुटली ती विमा कचेरीत. दिराच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून एक दिवस ते पुस्तक घेऊन आला. त्याची मुलगी पहिल्या वर्षाला होती आणि सत्ताविसाव्या गणितात अडकली होती.

"तुमच्या वहिनींचंच पुस्तक ना हे?" तो म्हणाला. "जरा विचारता का त्यांना? पोरीने सूत्र बरोबर घातलंय, पण शेवटी वर्गमुळात वजा संख्या येतेय. तिच्या बाई म्हणतात, उत्तरच नाही."

"वाच की," दीर म्हणाला. आपल्याला गणित कळतं असा त्याचा समज होता.

कारकुनाने वाचायला सुरुवात केली. 'एक अविवाहित, अंगाने भरलेले गृहस्थ' इथे तो जरा अडखळला. 'घरच्या किल्ल्या' इथे पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या, कारण किल्ल्यांची गोष्ट दिराने स्वतःच डब्याच्या वेळी सगळ्यांना शंभरदा सांगितली होती. मग कोणीतरी शेवटचं पान उघडून उत्तर मोठ्याने वाचलं. त्या दुपारी साहेबांनी दिराला वरच्या मजल्यावरून एक फाइल आणायला सांगितली, तेव्हा सगळी कचेरी एका सुरात म्हणाली, "जिना चढावा."

संध्याकाळी दीर घरी आला तो पुस्तक उघडं धरूनच. वजाबाई पेपर तपासत होती.

"वहिनी, हे काय आहे?"

"बघू. सत्तावीस? चांगलं गणित आहे ते. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले—"

"ते राहू द्या. हे बारा कुठून आणले?"

वजाबाईने पेन खाली ठेवलं. ती त्याच्या शरमेची, निदान रागाची तयारी करून बसली होती. हा प्रश्न तिला नवीन होता.

"म्हणजे?"

"बारा! मला बारा! मला मोजलं कोणी? अविवाहित लिहा, भरलेला लिहा, माझं काही म्हणणं नाही, आहे ते आहे. पण बारा? मी काय म्हातारा आहे का? माझी किल्ली रोज पोचते."

"चष्मेवाल्यांच्या पत्र्यावर रोज जे वाजतं, ते काय असतं भावजी?"

"ते वाऱ्यामुळे."

"वारा नगण्य माना असं लिहिलंय मी."

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. घरातली माणसं पुस्तकात छापली आहेत हे त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि आपण त्यात आहोत की नाही याची त्यांना काळजी लागली होती.

"माझं काय लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

वजाबाईला अकरावं गणित वाचून दाखवावं लागलं. कवळी निसटली इथे कोनाड्यातून नवऱ्याचं डोकं बाहेर आलं.

"माझी कवळी निसटत नाही," नवरा म्हणाला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण एवढ्या ठाम आवाजात तो पहिल्यांदाच बोलत होता. "मी बनवलेली कवळी निसटणं शक्यच नाही. गणितच चूक आहे. आणि निसटली तरी फुटणार नाही."

"तू गप्प बस रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांना कवळीचं काही वाटत नव्हतं. त्यांचं बोट दुसऱ्याच शब्दावर होतं. "हे सुरुवातीचा वेग शून्य, म्हणजे?"

"म्हणजे नुसती सुटली, आई. कोणी फेकली नाही, ढकलली नाही. म्हणून सुरुवातीला वेग शून्य."

"मी भाजीवाल्याशी बोलत होते ना तेव्हा?"

"हो."

"मग शून्य कसा? मी बोलत असताना कवळी पडली तर ती नुसती सुटेल? त्यात काही जोर नसेल?" त्या दिराकडे वळल्या. "याला बारा दिलेत आणि हा कुरकुर करतोय. मला शून्य."

वजाबाई वीस वर्षं पेपर तपासत होती, पण अशी हरकत आजवर कोणी घेतली नव्हती. खरंच होतं ते. बोलणाऱ्या तोंडातून पडलेल्या वस्तूला सुरुवातीचा वेग असणारच. "पुढच्या आवृत्तीत दोन देते," ती म्हणाली.

"तीन दे," सासूबाई म्हणाल्या. "टोमॅटोच्या दिवसांत चार."

सासूबाईंचं मिटलं, पण दिराचं मिटेना. जेवताना, झोपताना तो एकच धरून बसला: मला मोजा. शेवटी वजाबाई म्हणाली, "मोजू. सोपं आहे. किल्ली वर फेकायची आणि त्याच उंचीवर परत हातात येईपर्यंत वेळ घ्यायची. जितका वेळ वर जायला, तितकाच खाली यायला. निम्मा वेळ गुणिले नऊ पूर्णांक आठ, की झाला तुमचा वेग. बारा असेल तर बारा, पंधरा असेल तर मी छापून माफी मागेन. फक्त स्टॉपवॉच हवं."

स्टॉपवॉच होतं मागच्या गल्लीतल्या शाळेत, खेळाच्या शिक्षिकेकडे. ती गोळाफेक आणि थाळीफेक शिकवायची. उंच, उन्हाने रापलेली, गळ्यात सतत शिट्टी. मुलं तिला शिट्टीबाई म्हणत. वजाबाईने स्टॉपवॉच मागितलं तेव्हा ती म्हणाली, "स्टॉपवॉच मी कोणाला देत नाही. ते जिथे जातं तिथे मी जाते. काय फेकायचंय?"

"किल्ल्या."

"किती लांब?"

"लांब नाही. वर. आमच्या दिराला."

शिट्टीबाईने याहून विचित्र गोष्टी पाहिल्या असाव्यात. तिने पुढे विचारलं नाही.

सकाळी शाळा भरायच्या आधी तिघं मैदानात जमली. दिराने बाह्या सरसावल्या, जुडगा दोन-तीनदा हातात तोलला आणि सगळा जीव काढून वर फेकला. शिट्टीबाईने बटण दाबलं, जुडगा परत आला, दिराच्या हाताला लागला, तिने पुन्हा दाबलं.

"दोन पूर्णांक दोन," ती म्हणाली.

वजाबाईने मनातल्या मनात हिशोब केला आणि आकाशाकडे बघत राहिली.

"किती झाले?" दिराने विचारलं.

"पावणेअकरा."

"अकरा तरी म्हणा."

"भावजी, मी बारा लिहिले होते. घरचा माणूस म्हणून सव्वा मीटर पदरचा घातला होता. तुम्ही मोजायला लावलंत."

दिराने जुडगा पुन्हा हातात तोलला. बोलली ती शिट्टीबाई. "हातात जोर आहे तुमच्या," ती म्हणाली, "पण तुम्ही नुसत्या हाताने फेकताय. गुडघे काय शोभेला आहेत? खाली वाका. गुडघ्यातून वर या, मग खांदा, मग मनगट सगळ्यात शेवटी. पुन्हा."

"आत्ता?"

तिने शिट्टी वाजवली. दीर वाकला.

त्यानंतर एक नवलच सुरू झालं. कामावर जायच्या तासभर आधी दीर घरातून बाहेर पडू लागला. कुठे जातोस विचारलं तर म्हणायचा, "गणित सोडवायला." परत येताना घामाघूम असायचा आणि तीन जिने न थांबता चढून यायचा, याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, वजाबाईचं गेलं, पण ती बोलली नाही. काही बोललं की गोष्ट विस्कटते, हे तिला परीक्षा घेऊन घेऊन कळलं होतं.

इकडे सासूबाईंनाही अभ्यास चढला होता. किल्ली आपल्यालाच धरायची आहे, तर ती कशी येते हे आपल्याला ठाऊक हवं, असं त्यांचं म्हणणं. वजाबाईने स्वयंपाकघरात बटाटा वर उडवून दाखवला. "बघा आई, वर जाताना हळू होत होत जातो. अगदी टोकाला थांबतो. मग खाली."

"थांबतो?"

"थांबतो. त्या क्षणी वेग शून्य."

"किती वेळ थांबतो?"

"वेळ असा नाही. क्षणभर. म्हणजे क्षणभरही नाही. त्या एका बिंदूपाशी शून्य."

"वेळच नाही तर थांबला कसा? आपल्याकडे कोणी आलं आणि जराही वेळ थांबलं नाही, तर आपण आलं म्हणतो का?"

वजाबाईने बटाटा पुन्हा उडवला. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "हे काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "फार जवळून बघायला हवं." आणि त्यांनी तो बटाटा सोलायला घेतला.

आणि थांबला म्हणजे पृथ्वीने ओढायचं सोडलं असं नाही, ती ओढतच असते, हे वजाबाईने सांगितलं तेव्हा मात्र त्यांना लगेच पटलं. "ते काय, मला कळतं," त्या म्हणाल्या. "मी गप्प असते तेव्हा माझा राग गेलेला असतो का?" वर्गातल्या साठ मुलांना जे वर्षभर कळत नव्हतं, ते सासूबाईंना एका वाक्यात कळलं, याचं वजाबाईला जरा वाईटच वाटलं.

महिन्याभराने मैदानावर दिराची वेळ दोन पूर्णांक सहा भरली. वजाबाईने हिशोब केला: वेग पावणेतेरा, उंची आठ मीटर आणि वर वीतभर. "रविवारी," दीर म्हणाला.

रविवारी सकाळी दीर रस्त्यावर उभा राहिला, त्याच्या शेजारी शिट्टीबाई. विमा कचेरीतले चौघं जण आले होते. चष्मेवाले आपल्या पत्र्याखाली काठी घेऊन तयार होते. त्यांचा या प्रयोगावर फारसा विश्वास नव्हता. वर गॅलरीत सासूबाई, त्यांच्या एका बाजूला वजाबाई आणि दुसऱ्या बाजूला नवरा. नवऱ्याने आईला सांगून ठेवलं होतं, तोंड मिटून ठेव.

"हात बाहेर काढा आई," वजाबाई म्हणाली. सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

दीर वाकला, गुडघ्यातून उठला, आणि जुडगा सुटला. यावेळी तो पत्र्याच्या बाजूने वर निघाला, दुसरा मजला मागे पडला, वेग कमी कमी होत गेला, आणि सासूबाईंच्या पसरलेल्या हातांच्या पुढून वर येऊन अगदी त्यांच्या नाकासमोर उभा राहिला. सासूबाईंनी डोळे बारीक केले. मान पुढे केली. हात होते तिथेच राहिले. मग जुडगा निघाला, त्याच हातांच्या पुढून खाली गेला, आणि चष्मेवाल्यांच्या पत्र्यावर जोराने वाजला.

"आई," दीर खालून म्हणाला, "धरली का नाहीस?"

"थांबली होती रे," सासूबाई वरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "खरंच थांबली होती. मी बघितलं. माझ्या नाकासमोर."

"पण धरायची होती."

"धरली असती तर थांबलेली कशी दिसली असती? हातच आडवा आला असता."

विमा कचेरीतल्यांचं म्हणणं पडलं, हातात पडली नाही म्हणजे पोचली नाही. दीर म्हणाला, पोचली. सगळ्यांनी वर पाहिलं, वजाबाईकडे. वजाबाई कठड्यावर वाकली. "किल्ली आईंच्या हातापुढून दोनदा गेली," ती म्हणाली, "एकदा जाताना, एकदा येताना. समीकरणाला दोन उत्तरं आहेत. आईंनी दोन्ही सोडली. यात भावजींचा दोष नाही. बारा मी मागे घेते."

एवढ्यात चष्मेवाल्यांनी सवयीने काठी फिरवली, पण जुडगा निसटून खाली गेला. तो शिट्टीबाईच्या पायाशी पडला. तिने उचलला, तोलला, आणि म्हणाली, "मी एकदा बघू?"

कोणी हो म्हणायच्या आत तिने फेकला होता. ती फारशी वाकलीसुद्धा नाही. जुडगा दुसरा मजला, सासूबाईंचं नाक, गॅलरीचं छत सगळं मागे टाकून वर गेला, लहान झाला, आणि वर कुठेतरी गच्चीवर पडल्याचा आवाज आला.

"सॉरी," शिट्टीबाई म्हणाली.

गच्चीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली त्याच जुडग्यात होती. हे सगळ्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. नवरा मात्र कामाला लागला. तो कोनाड्यात गेला, दातांना तारा बसवायची आपली हत्यारं घेतली, जिन्याने वर गेला आणि कुलपाला एखादी अवघड दाढ असल्यासारखं हाताळू लागला. चहा उकळेपर्यंत कुलूप उघडलं. खाली येऊन त्याने जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आतून फार किडलं होतं."

चहाला शिट्टीबाईलाही वर बोलावलं होतं. सासूबाईंनी तिला नीट निरखून पाहिलं. त्यांचा हळू आवाज असा नव्हताच, त्यामुळे त्यांनी सुनेच्या कानात जे विचारलं ते पायजम्यातल्या चष्मेवाल्यांपर्यंत गेलं. "हिचं लग्न झालंय का, विचार ना."

"नाही झालं," शिट्टीबाईने स्वतःच सांगितलं. "आणि यांनी मला परवाच विचारलंय. मी म्हटलं, आधी किल्ली पोचू दे."

दीर बशीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मग?" वजाबाई म्हणाली. "पोचली का?"

शिट्टीबाईने सासूबाईंकडे पाहिलं. "थांबली होती म्हणतायत ना त्या," ती म्हणाली. "तेवढं पुरे."

लग्न साधेपणाने झालं. सासूबाईंनी येणाऱ्या प्रत्येकाला आपण किल्ली थांबलेली बघितल्याचं सांगितलं. नवरा-नवरीचं काय ते ज्याने त्याने आपलं आपण बघून घेतलं. पुस्तकाची पहिली आवृत्ती तोवर संपली होती. प्रकाशक दुसरीसाठी आला तेव्हा वजाबाईने अकराव्या गणितात आजींना सेकंदाला तीन मीटर दिले, आणि कवळीच्या उपप्रश्नापुढे नवऱ्याच्या सांगण्यावरून 'कवळी फुटणार नाही' असं उत्तर छापलं. सत्ताविसावं तिने बदललं नाही. त्याच्या खाली अठ्ठाविसावं घातलं, पावणेतेराच्या वेगाचं, दोन उत्तरांचं. त्यातले गृहस्थ अविवाहित नव्हते.

दीर आणि शिट्टीबाई शाळेच्या मैदानाजवळ एका तळमजल्यावरच्या घरात राहायला गेले. वजाबाई पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा सगळं घर फिरून आली, खिडक्या पाहिल्या, दारापुढच्या दोन पायऱ्या पाहिल्या, आणि खुर्चीत बसत म्हणाली, "घर छान आहे. पण आमच्या काही कामाचं नाही. तळमजला. उंची शून्य. इथून काय सोडणार आणि काय फेकणार?"

दीर हसत चहा करायला उठला. शिट्टीबाईही उठली. मग तिने मधल्या खोलीतली चटई पायाने बाजूला सारली. खाली फरशीत एक लाकडी झाकण होतं, त्याला लोखंडी कडी.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तळघर आहे."

वजाबाई खुर्चीतून पुढे झाली. दिराने आतून दुधाचं विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही.

"किती खोल?" तिने विचारलं.